धर्मस्वातंत्र्य आणि तहसील कचेरीतला दाखला

सरकार धर्मस्वातंत्र्य मोडते म्हणजे नेमके काय करते? प्रार्थनास्थळ पाडते, धर्मांतराला तुरुंग दाखवते, जमावाला मोकळे सोडते. आंतरराष्ट्रीय अहवालांची पाने अशा घटनांनी भरलेली असतात आणि ते योग्यच आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहिले की मला आणखी एक प्रकार दिसतो. त्यात रक्त सांडत नाही. तहसील कचेरीत दाखला नाकारला जातो, एवढेच.

16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी तेव्हाच्या चांद्यात हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्या माणसांनी हिंदू धर्म सोडला आणि त्याबरोबर कायद्याने त्यांची अनुसूचित जातीची ओळखही गेली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगत होता की हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. शिखांचा अपवाद 1956 मध्ये झाला, बौद्धांचा थेट 1990 मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ यांत ‘बौद्ध’ लिहिणारा बाद. गावच्या विहिरीवर मात्र त्याला कुणी बौद्ध मानत नव्हते! घरात बुद्धमूर्ती आणि कागदावर ‘हिंदू महार’, अशी दुहेरी नोंद करणाऱ्यांना पांढरपेशांनी ढोंगी म्हटले. ती नोंद त्यांना कुणी करायला लावली, हे विचारले नाही.

याला उल्लंघन म्हणायचे का? नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम 18 प्रमाणे धर्म निवडण्याच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करता येत नाही. करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने 1993 मध्ये स्पष्ट केले की जबरदस्ती म्हणजे केवळ दंडुका नव्हे. शिक्षण, नोकरी, सार्वजनिक पदे यांची वाट धर्मापायी अडवणारे धोरणही तिच्यातच मोडते. माझ्या मते तिसरा परिच्छेद या व्याख्येत चपखल बसतो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी तो अजून उभा आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये तो वगळण्याची शिफारस केली. 2022 मध्ये त्याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला.

बाहेरून पाहणी करणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य आयोग 1998 च्या त्यांच्या कायद्यातून निघाला. तो परदेशांचीच तपासणी करतो, स्वतःच्या देशाची नाही. 2020 ते 2025 दरवर्षी त्याने भारताला ‘विशेष चिंतेच्या देशां’त घालण्याची शिफारस केली. त्याचे निष्कर्ष वाचावेत, पण ते एका सत्तेच्या घरचे आहेत हे विसरू नये. संयुक्त राष्ट्रांचा विशेष प्रतिवेदक वेगळा. हे पद 1986 पासूनचे. त्याला पगार नाही, आणि देशात यायचे तर त्या सरकारचे निमंत्रण लागते. पाकिस्तानच्या वकील अस्मा जहांगीर या नात्याने मार्च 2008 मध्ये भारतात आल्या. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये, असे त्यांनी अहवालात लिहिले. म्हणजे चांद्याचा प्रश्न जिनिव्हापर्यंत पोचला होता, चांद्याचे नाव न घेता.

आदिवासींचा प्रश्न तेवढाही पोचत नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, तेव्हा तिथे दाखल्याची अडचण नाही. अडचण डोंगराची आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण. देवळाला भिंती नसल्या की अहवालात ‘प्रार्थनास्थळा’च्या रकान्यात काय लिहायचे? संस्था नसलेल्या श्रद्धांनाही कलम 18 लागू आहे, असे समितीने 1993 मध्येच म्हटले आहे. ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये डोंगरावरच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला होता.

कार्यकर्त्यांनी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. समितीकडे व्यक्तिगत तक्रार नेण्यासाठी जो जादा करार लागतो, तो भारताने स्वीकारलेला नाही. ते दार बंद आहे. प्रतिवेदकाकडे मात्र कोणीही लिहू शकतो, आधी इथली न्यायालये संपवण्याची अट नाही. तो सरकारला पत्र लिहून खुलासा मागतो. आदेश देऊ शकत नाही. त्याला तारीख, ठिकाण, कोणत्या कचेरीने काय केले आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संमती, एवढे लागते. कचेरीत अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. नकार लेखी मागावा.