गेमिंगचा संगणक जुळवताना : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा?

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि देशात येणाऱ्या कंटेनरचा फार मोठा ओघ या परिसरातून वाहू लागला. संगणकाची कॅबिनेटे, मॉनिटर असा अवजड मालही या वाटेने देशात उतरतो. तथापि, ज्याच्या दारावरून हे कंटेनर जातात त्या उरणकराला सुटे भाग घेण्यासाठी वाशी, पनवेल किंवा थेट मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठावा लागतो. पूर्वी त्यासाठी एसटी किंवा मोऱ्याची लाँच हेच मार्ग होते. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आल्यापासून ही खेप पुष्कळच सोपी झाली आहे. अवघड राहिली आहे ती निवड.

गेमिंगच्या संगणकाची मागणी बहुधा घरातील मुलांकडून येते आणि पैसे पालकांच्या खिशातून जातात. पन्नास-साठ हजार रुपये ही मध्यमवर्गीय घरासाठी लहान रक्कम नव्हे. याच संगणकावर पुढील चार-पाच वर्षे अभ्यास, महाविद्यालयाचे प्रकल्प आणि कार्यालयीन कामही व्हायचे असते. म्हणून दुकानदाराने पुढे केलेले तयार कॉन्फिगरेशन स्वीकारण्यापूर्वी कोणता भाग नेमके काय काम करतो, हे समजून घेणे हिताचे ठरते.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक ग्राहक प्रोसेसरपासून विचार सुरू करतात. खेळासाठी मात्र आधी मॉनिटर ठरवावा, कारण ग्राफिक्स कार्डावर किती भार पडणार हे तोच ठरवतो. १९२० बाय १०८० रचनेच्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. फोर-के पडद्यावर हीच संख्या बरोबर चौपट होते. प्रत्येक चित्रासाठी हे सर्व बिंदू नव्याने रंगवावे लागतात. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ हर्ट्झचा असेल तर जेमतेम ७. बजेट मर्यादित असल्यास फुल एचडी मॉनिटरवर समाधान मानणे शहाणपणाचे. महागड्या पडद्यामागे दुबळे कार्ड ठेवले की खेळ अडखळत चालतो आणि दोन्हींचा खर्च वाया जातो.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

मॉनिटर, कीबोर्ड व माऊस वगळून जो खर्च उरतो, त्यातील साधारण पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवावी. आजच्या मोठ्या खेळांसाठी कार्डावर ८ जीबी मेमरी असणे इष्ट. येथे नावावर जाऊन फसू नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आले. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या रूपात केवळ मेमरीच कमी आहे असे नाही, तर गणना करणारे घटक आणि मेमरीचा मार्गही आखूड केलेला आहे. मात्र ते अवघ्या ७० वॅटवर चालते, त्यामुळे जुन्या संगणकात बसवण्यास सोयीचे पडते. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड २०२१ पासून फुल एचडी खेळणाऱ्यांच्या पसंतीस उतरले. ते १३२ वॅट घेते.

प्रोसेसरवर त्या मानाने कमी खर्च चालतो. इंटेलचा चार कोअरचा आय३-१२१००एफ किंवा एएमडीचा सहा कोअरचा रायझेन ५ ५६०० हे २०२२ मधील प्रोसेसर अशा कार्डाला पुरेशी साथ देतात. इंटेलच्या नावाअखेरचे 'एफ' हे अक्षर नीट पाहावे. त्याचा अर्थ असा की, प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. स्वतंत्र कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. उलट, रायझेन ५ ५६००जी मध्ये ते अंतर्भूत आहे. एकरकमी पैसे नसतील तर आधी असा प्रोसेसर घ्यावा. त्यावर व्हॅलोरंटसारखा हलका खेळ कमी दर्जाच्या चित्रांसह चालतो आणि पुढे सवडीने कार्ड जोडता येते.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे माहितीच्या ये-जा करण्याचे दोन मार्ग एकाच वेळी खुले राहतात. अंतर्भूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला याचा फरक ठळकपणे जाणवतो. मदरबोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा, हे आधी पाहावे, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जोराने चढले. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच दोन-तीन दुकानांत भाव विचारलेला बरा. साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी; जुनी हार्ड डिस्क असल्यास ती चित्रपट व छायाचित्रांसाठी जोडता येते.

काटकसर येथे नको

सर्वाधिक चूक होते ती वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या एसएमपीएसवर पाचशे वॅट छापलेले असले तरी तेवढा भार तो पेलेलच याची खात्री नसते. निकृष्ट एसएमपीएस बिघडला तर एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डालाही सोबत नेऊ शकतो. हिशेब सोपा आहे. १३२ वॅटचे कार्ड, नव्वदच्या आसपास वॅट घेणारा प्रोसेसर आणि बाकीच्या भागांसाठी पन्नास वॅट धरले तरी बेरीज पावणेतीनशेच्या आसपास जाते. त्यासाठी नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. '८० प्लस ब्राँझ' हे चिन्ह विजेची बचत दाखवते; टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून जादा दाब व शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हेही विचारावे.

उरणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात याला आणखी महत्त्व येते. बोकडविऱ्याला वायुविद्युत केंद्र असले तरी पावसाळी वादळात विजेचा लपंडाव कोणत्याही किनारी गावाला चुकत नाही. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांतील फरक ध्यानात ठेवावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरता तो उपयोगी आहे. घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. खारट, दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ एकत्र आली की सुट्या भागांवर गंज चढतो. जाळीचे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे, ते भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावे आणि पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद पडू देऊ नये.

जुना माल, बिल आणि वॉरंटी

वापरलेले ग्राफिक्स कार्ड निश्चितच स्वस्त पडते. पण इथेरियम या आभासी चलनाचे 'मायनिंग' सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारात आली. असे कार्ड समोर अर्धा तास खेळ चालवून, तापमान व पंख्याचा आवाज पाहूनच घ्यावे. जुना कार्यालयीन संगणक घेऊन त्यात कार्ड बसवण्याचा मार्गही चांगला आहे. फक्त विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने तो विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे पाहावे. इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर त्या यादीत नाहीत.

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वाचवण्यासाठी बिलाशिवाय खरेदी करण्याचा मोह होतो. 'बंदरावरचा माल आहे' असे सांगून कोणी स्वस्तात देऊ केले तरी बिल नाही म्हणजे वॉरंटीचा पुरावा नाही, हे विसरू नये. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, खोके सीलबंद आहे ना ते पाहावे आणि वॉरंटी संपेपर्यंत खोकी जपून ठेवावीत.

थोडक्यात, रंगीत दिवे आणि काचेचे कॅबिनेट यांवरचा खर्च सहज टाळता येतो. बजेट आखडते घ्यावे लागले तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे. ते उद्या बदलता येईल. एसएमपीएसला मात्र कात्री लावू नये, कारण बाकीच्या सर्व भागांचे आयुष्य त्याच्याच भरवशावर असते.