वेलवर्गीय पिकांवरील बुरशीजन्य रोग : ओळख आणि व्यवस्थापन
(पाथरी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुका गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या भारी जमिनीच्या पट्ट्यात वसलेला आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले आणि त्याच्या डाव्या कालव्यामुळे परभणी जिल्ह्यात बागायतीचा विस्तार झाला. वाळूक, शेंदाड यांसारखी वेलफळे मराठवाड्यातील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. टरबूज, खरबूज, काकडी व भोपळा ही मात्र आज रोख पैसा देणारी पिके झाली आहेत. काकडीची पहिली तोडणी साधारणतः ४५ ते ५० दिवसांत होते, तर टरबूज ८० ते १०० दिवसांत निघते. इतक्या अल्प मुदतीच्या पिकात चुकीच्या फवारणीत आठ-दहा दिवस गेले, तर ते नुकसान भरून काढण्यास अवधी उरत नाही. म्हणूनच औषधाच्या निवडीपूर्वी रोगाची अचूक ओळख का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रमुख रोग व त्यांची लक्षणे :

१) भुरी – प्रथम जुन्या पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके दिसतात. बोटाने पुसल्यास ही भुकटी बोटाला लागते. पोडोस्फेरा झँथी ही हिची प्रमुख कारक बुरशी होय. हिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाणी साचण्याची गरज नसते. त्यामुळे पाऊस नसतानाही, विशेषतः हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या प्रारंभी, ती फोफावते.

२) केवडा – पानाच्या वरच्या बाजूस पिवळे डाग पडतात. काकडीत हे डाग शिरांनी मर्यादित झाल्याने कोनाकृती दिसतात. पहाटेच्या दवात पान उलटून पाहिल्यास खालच्या बाजूस करड्या-जांभळ्या रंगाची लव आढळते. स्यूडोपेरोनोस्पोरा क्यूबेन्सिस हा याचा कारक जीव. क्यूबातील नमुन्यांवरून १८६८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले, म्हणून हे नाव. याच्या संसर्गासाठी पानावर ओल असावीच लागते, कारण त्याचे बीजाणू पाण्यात पोहून पर्णरंध्रापर्यंत पोहोचतात.

३) मर – भर दुपारी वेल सुकल्यासारखी दिसते, सायंकाळी सावरते आणि काही दिवसांत कायमची मरते. जमिनीलगतचे खोड उभे चिरल्यास आत तपकिरी रेषा दिसतात. ही फ्युजॅरियम बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते.

ओळख चुकल्यास काय होते?

भुरी व केवडा ही नावे द्राक्ष बागायतदारांच्या तोंडी नेहमी जोडीने येतात. परिणामी हे एकाच जातीचे दोन रोग आहेत असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. भुरी ही खरी बुरशी आहे, तर केवड्याचा जीव शास्त्रीय वर्गीकरणानुसार बुरशी नसून ऊमायसीट गटातील आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने कायटिन नसून सेल्युलोज व ग्लुकन असते. ट्रायझोल गटातील औषधे बुरशीमधील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. केवड्याचा जीव अर्गोस्टेरॉल तयारच करीत नाही. यास्तव भुरीवर गुणकारी ठरणारे ट्रायझोल केवड्यावर निष्प्रभ ठरते. याउलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालते, भुरीवर नाही. शेतकरी 'औषध बोगस निघाले' असे म्हणतो, तेव्हा अनेकदा निदान चुकलेले असते.

औषध योग्य असूनही ते निकामी होऊ शकते. काकडीवरील केवड्याने मेटॅलॅक्झिलला प्रतिकार केल्याची नोंद इस्राएलमधील संशोधकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. प्रतिकारक वाणाबाबतही तेच घडते. भारतीय खरबुजापासून भुरीप्रतिकार घेऊन तयार केलेला 'पीएमआर ४५' हा वाण कॅलिफोर्नियात १९३६ मध्ये प्रसारित झाला. अवघ्या दोन वर्षांत, १९३८ मध्ये, त्यावर मात करणारा भुरीचा नवा प्रकार नोंदविला गेला. सारांश, एकाच उपायावर विसंबून चालत नाही.

एकात्मिक व्यवस्थापन :

१) भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. म्हणून गादीवाफा व ठिबक सिंचन यांचा अवलंब करावा. सायंकाळी पाने भिजतील अशा प्रकारे पाणी देऊ नये.
२) वेलींत योग्य अंतर ठेवावे, काकडीस ताटीचा आधार द्यावा आणि रोगट पाने शेताबाहेर नेऊन नष्ट करावीत.
३) मर टाळण्यासाठी किमान तीन वर्षे त्या जमिनीत वेलवर्गीय पीक घेऊ नये. बियाण्यास ट्रायकोडर्माची प्रक्रिया करावी. जपानमध्ये १९२० च्या दशकापासून टरबुजाचे कलम भोपळ्याच्या खुंटावर बांधून मर टाळली जाते.
४) ताम्रयुक्त औषधांची फवारणी केवडा दिसण्यापूर्वी किंवा दिसताच करावी व ती पानाच्या खालच्या बाजूस पोहोचेल याची खात्री करावी.
५) गंधक भुरीवर स्वस्त व प्रभावी आहे. तथापि तापमान ३२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असताना ते फवारल्यास वेलींची, विशेषतः खरबुजाची, पाने भाजतात. आपल्याकडील उन्हाळ्यात हा धोका मोठा आहे.
६) एकाच गटातील औषध लागोपाठ वापरू नये. काकडी कच्ची खाल्ली जाते व तिची तोडणी दिवसाआड होते; म्हणून लेबलवर त्या पिकाचे नाव पाहूनच औषध घ्यावे व फवारणी ते तोडणी यांतील विहित अंतर पाळावे.

महाविद्यालयांची भूमिका :

या निदानासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. पानावरील लव पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. साखळीत रचलेले लंबगोल बीजाणू दिसल्यास भुरी. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दांड्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराचे बीजाणू दिसल्यास केवडा. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे काम काही मिनिटांत होते. विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील पाने आणावीत, प्राध्यापकांनी ती तपासून शेतकऱ्यास रोगाचे नाव सांगावे आणि शंकास्पद नमुने परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे पाठवावेत. अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकही त्यातूनच साध्य होईल.

समारोप :

वेलवर्गीय पिकांवरील रोगनियंत्रणाचा प्रारंभ औषधाच्या दुकानात नव्हे, तर पान उलटून पाहण्यात होतो. रोगाचे नाव निश्चित झाले की पाणी, अंतर, फेरपालट व औषध यांचा मेळ घालणे सुलभ होते. शेतकऱ्याचा अनावश्यक फवारणीवरील खर्च वाचविणे आणि ग्राहकाच्या ताटात निर्धोक फळ पोहोचविणे, ही दोन्ही उद्दिष्टे अचूक निदानातूनच साध्य होऊ शकतात.