परीक्षेची पत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजार हे नाव कानी पडले की शिंदेशाहीबरोबर उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी समाजाचे स्मरण होते. संस्थाने गेली, जहागिऱ्या गेल्या. मध्यमवर्गाला भरवसा उरला तो परीक्षेचा. बाजार जसा पतीवर चालतो, तशी परीक्षाही पतीवरच चालते, आणि ही पत किती लवकर बुडते हे ग्वाल्हेरने दोनदा पाहिले आहे.

२०१३ मध्ये उघडकीस आलेल्या व्यापम प्रकरणात तोतया परीक्षार्थी बसविण्यात आले, उत्तरपत्रिका मागाहून भरण्यात आल्या. ग्वाल्हेर हे त्या तपासाचे एक मोठे केंद्र होते. त्यावर उपाय म्हणून संगणकावरील परीक्षा आली. परंतु २०२३ च्या पटवारी भरतीत पहिल्या दहांपैकी सात उमेदवार ग्वाल्हेरमधील एकाच केंद्रावरचे निघाले आणि राज्यभर गदारोळ उठला. नियुक्त्या थांबल्या, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी झाली, तीत गैरप्रकार आढळला नाही, आणि २०२४ मध्ये नियुक्त्या मार्गी लागल्या. तथापि मधले महिने प्रामाणिक उमेदवारांनी संशयाच्या छायेत काढले. त्यांची भरपाई कोण करणार?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने या संशयाला नवे खाद्य पुरविले आहे. पूर्वी तोतया शोधावा लागे, त्याला पैसे मोजावे लागत; आज तो खिशातल्या मोबाईलमध्ये बसला आहे. प्रश्नाचे छायाचित्र काढावे आणि क्षणार्धात उत्तर घ्यावे, इतके हे सोपे झाले आहे. घरबसल्या परीक्षेत विद्यार्थ्यावर कॅमेरा रोखला जातो खरा. पण कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला दुसरा मोबाईल त्याला दिसत नाही. उलट, विचार करताना खिडकीकडे पाहणारा निरपराध मुलगा मात्र संशयित ठरतो.

लेखन माणसाचे की यंत्राचे, हे यंत्राकडूनच ओळखून घेण्याचा उपायही भरवशाचा नाही. चॅटजीपीटी बनविणाऱ्या कंपनीनेच आपले असे साधन अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. अशा साधनाच्या एका आकड्यावरून कोणाचे वर्ष बुडविणे हा न्याय नव्हे.

केंद्राचा २०२४ चा सार्वजनिक परीक्षा कायदा संघटित गैरप्रकारांना पाच ते दहा वर्षांचा कारावास व किमान एक कोटी रुपये दंड सांगतो. कायदा हवाच, पण तो गुन्हा घडल्यावर जागा होतो. गरज आहे ती गुन्ह्याला वावच न ठेवण्याची. जून २०२५ मध्ये चीनमध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या काळात तेथील कंपन्यांनी छायाचित्रावरून प्रश्न सोडविण्याची सोय बंद ठेवली होती. सर्वच देशांना हे साधेल असे नाही. पण आपल्या हाती आहे तेवढे तरी आपण करावे.

ज्या परीक्षेवर नोकरी वा प्रवेश अवलंबून आहे, ती घरून घेऊच नये. ती केंद्रावर, बाहेरच्या जाळ्याशी संबंध तोडलेल्या संगणकावर, प्रत्यक्ष पर्यवेक्षकासमोर व्हावी. केंद्र कोणाचे, देखरेख कोणाची, यंत्रांची तपासणी कोणी केली, हे परीक्षेपूर्वीच जाहीर असावे. महाविद्यालयीन परीक्षांत लेखी उत्तरांना दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेची जोड द्यावी. स्वतः लिहिणाऱ्याला आपले उत्तर समजावून सांगणे जड जात नाही. त्यासाठी शिक्षक पुरेसे हवेत, आणि रिक्त पदे न भरता केवळ कॅमेरे विकत घेणारी व्यवस्था स्वतःचीच फसवणूक करीत आहे. आरोप झालाच, तर विद्यार्थ्याला पुरावा पाहण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

कॉपी करणारा एक जण सुटला तर एक जागा चुकीच्या हाती जाते. परीक्षेवरचा विश्वास उडाला तर अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाचे कष्ट व्यर्थ ठरतात. परीक्षा मंडळांनी आणि विद्यापीठांनी हा फरक ओळखून पुढील हंगामापूर्वीच पावले उचलावीत.