डोलणे आणि डगमगणे

हलणाऱ्या वस्तूविषयी बोलताना इंग्रजीत 'रॉक' आणि 'टॉटर' अशी दोन क्रियापदे आढळतात, आणि वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलत राहणे असाच असला, तरी पहिल्यात वस्तू पुन्हा जागेवर येणार हा भरवसा असतो आणि दुसऱ्यात ती कोणत्याही क्षणी पडेल ही धास्ती असते. पाळणा 'रॉक' होतो, तर खिळखिळी झालेली भिंत 'टॉटर' होते. मराठीत हाच फरक डोलणे आणि डगमगणे या शब्दांनी सहज सांगता येतो. विशेष म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत 'टॉटर'चा अर्थ झोके घेणे असाच होता आणि लटपटत्या पायांनी चालणे, कोसळण्याच्या बेतात असणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. अमेरिकेत मुलांच्या सी-सॉला 'टीटर-टॉटर' म्हणतात, त्यात तो जुना निरुपद्रवी अर्थ अजून टिकून आहे. एकाच शब्दाने झोक्यापासून पडझडीपर्यंत केलेला हा प्रवास भाषेपुरता नाही, कारण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही डोलणे आणि डगमगणे या एकाच हालचालीच्या दोन अवस्था असून, पहिलीतून दुसरीत वस्तू कधी जाते हे ओळखण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांत ही गोष्ट दर हंगामात रस्त्यावर दिसते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या या ऊसपट्ट्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरला 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला, पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि गळीत सुरू झाले की फडातून निघालेला ऊस बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांतून काट्याकडे जाऊ लागतो. ट्रॉलीच्या फाळक्यांच्या बऱ्याच वर मोळ्या रचलेल्या असतात, दोराने आवळलेल्या असतात, आणि रस्त्यातला खड्डा लागला की तो सगळा डोलारा एका अंगाला झुकून पुन्हा सावरतो. मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त हेलकावते, कारण पुढच्या ट्रॉलीची प्रत्येक आडवी हालचाल पिनेतून तिच्याकडे पोहोचते आणि तिला धरून ठेवणारे मागे काही नसते.

ही ट्रॉली सावरते की कलंडते हे गुरुत्वमध्यावर ठरते. वस्तूचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो तिचा गुरुत्वमध्य. त्यातून खाली सोडलेली उभी रेषा जोवर दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आत पडते तोवर वजनच ट्रॉलीला पुन्हा सरळ करते, आणि ती रेषा चाकाच्या बाहेर गेली की तेच वजन तिला खाली ओढते. टायर दबत नाहीत असे धरून हिशेब मांडला, तर मध्यापासून चाक 0.9 मीटरवर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर असलेली ट्रॉली सुमारे 37 अंश कलेपर्यंत तग धरते. मोळ्यांचे थर वाढवून तोच गुरुत्वमध्य 1.8 मीटरवर नेला, की ही मर्यादा सुमारे 27 अंशांवर येते. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली ट्रॉली ताशी सुमारे 31 किलोमीटर वेगापर्यंत उलटत नाही, तर दुसरीला ताशी 25 किलोमीटरच पुरेसे होतात. प्रत्यक्षात टायर दबतात, साइडपट्टी खचलेली असते आणि भार एका अंगाला सरकतो, म्हणून खरी मर्यादा या आकड्यांच्याही बरीच अलीकडे असते.

दोन चाकांच्या बैलगाडीत हाच प्रश्न आडवा न राहता उभा होतो, म्हणजे गाडी पुढेमागे झुलते. मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला पट्टे आवळतात आणि गाडी 'उलाळ' झाली असे म्हणतात. पुढे भार जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. गाडीवान ऊस भरताना जू हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि एखादी मोळी पुढे किंवा मागे सरकवतो. आसाच्या दोन्ही बाजूंचा भार तोलण्याचे हे काम तो कोणत्याही सूत्राविना करतो, आणि ते ज्ञान पुस्तकी ज्ञानाहून कमी दर्जाचे मानण्याचे काही कारण नाही.

पाण्यावर मात्र डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट घडते. होडी कलली की तिची बुडालेली बाजू जास्त पाणी सारते, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर, म्हणजे प्लावक बल, त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत उभी करतो. या जोराची उभी रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल तोवर होडी डोलते, तो खाली गेला की ती उलटते. या दोन बिंदूंमधले अंतर जितके कमी, तितका होडीचा हेलकावा संथ होतो. अंतर एक चतुर्थांश झाले तर एका हेलकाव्याला लागणारा वेळ, म्हणजे आवर्तकाल, दुप्पट होतो. म्हणून जी होडी झटक्यासरशी सरळ होते ती अंगाला त्रासदायक वाटली तरी भक्कम असते, आणि जी होडी आळसावल्यासारखी सावकाश झुलते, एका अंगाला कलून क्षणभर तिथेच रेंगाळते, ती बसणाऱ्याला सुखाची वाटली तरी धोक्याच्या जवळ असते. उंच भरलेल्या ट्रॉलीलाही हे लागू आहे, कारण दबलेले टायर तिला परत ढकलतात तेव्हा वर चढलेले वजन त्यांच्या विरुद्ध काम करते, आणि झुलणे जितके लांबते तितकी टायरांची बाजू हरत चाललेली असते.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर 21 मे 2024 रोजी संध्याकाळी वादळी वाऱ्यात इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्यामधली होडी बुडाली, एक जण पोहून काठाला लागला आणि सहा जणांचा जीव गेला. पलीकडच्या गावाला जाण्यासाठी धरणाला मोठा वळसा पडत असल्याने होडी हीच या काठांवरच्या लोकांची एसटी आहे, त्यामुळे तिच्या भारवाहनाचे आणि जीवरक्षक जॅकेटांचे नियम कागदावर राहणे कुणालाही परवडणारे नाही. होडी हलू लागली की घाबरलेली माणसे उभी राहतात, तेव्हा गुरुत्वमध्य एकदम वर जातो. आत शिरलेले पाणी खालच्या बाजूला धावते आणि कलण्याला आणखी जोर देते. बुडाशी जड असलेली खेळण्यातली बाहुली ढकलली तरी उभी राहते, आणि तळाशी बसून राहणारे प्रवासी होडीला तसेच बूड देतात.

वालचंद हिराचंद यांचा जहाजांशी असलेला संबंध साखरेहूनही जुना आणि तितकाच मोठा होता. त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'एसएस लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विशाखापट्टणमला त्यांनी उभारलेल्या गोदीतून 'जलउषा' हे जहाज 14 मार्च 1948 रोजी पाण्यात सोडले गेले. नवे जहाज कितपत डोलेल आणि कधी डगमगेल हे तपासण्याची जहाजबांधणीतली रीत फार साधी आहे: शांत पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाच्या डेकवरचे मोजलेले वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवतात, आत टांगलेला ओळंबा किती सरकला ते पट्टीवर वाचतात, आणि त्यावरून गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांमधले अंतर काढतात. लहान होडीसाठी याहूनही सोपा उपाय आहे. काठाजवळ माणसे बसवून होडी हलकेच एकदा हलवायची आणि दहा हेलकाव्यांना लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा. माणसे वाढवत गेल्यावर तो वेळ ठळकपणे लांबू लागला, की त्यापुढचा प्रवासी पुढच्या फेरीला घ्यायचा.