देव मानतोस का, हे परीक्षक विचारत नाही

इंग्लंडमधली मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसई देऊन मोकळी होतात आणि पुढची दोन वर्षं तीन-चारच विषय घेऊन ए-लेव्हल करतात. म्हणजे आपली अकरावी-बारावी. विषयांच्या यादीत गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या पंक्तीला 'रिलिजस स्टडीज'ही बसलेला असतो. नाव ऐकून वाटावं, बायबलचं पाठांतर आणि संतांची चरित्रं असतील. प्रश्नपत्रिका हाती घेतली की हा समज गळून पडतो.

ओसीआर या परीक्षा मंडळाचा 2016 पासून शिकवला जाणारा अभ्यासक्रम बघा. पेपर तीन. पहिला धर्माच्या तत्त्वज्ञानाचा, दुसरा नीतिशास्त्राचा, तिसरा एखाद्या धर्मातल्या विचारांच्या वाटचालीचा. या तिसऱ्यासाठी ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, बौद्ध, हिंदू यांपैकी एक धर्म घेता येतो. बहुतेक शाळा ख्रिस्तीच घेतात. प्रत्येक पेपरला दोन तास, चारांपैकी तीन निबंध, निबंधाला 40 गुण. त्यातले 16 गुण माहितीला आणि 24 युक्तिवादाला. गंमत या 24 मध्ये आहे. सगळं तोंडपाठ आहे, पण स्वतःचं म्हणणं मांडून ते धसाला लावता येत नाही, अशा मुलाची गाडी 16 च्या पुढे सरकत नाही. आणि उत्तराचा कौल देवाच्या बाजूनं की विरुद्ध, याला शून्य गुण.

नमुन्यादाखल विल्यम पेलीचं घड्याळ घेऊ. माळरानावर चालताना घड्याळ सापडलं, तर ते आपोआप तयार झालं असं कुणी म्हणणार नाही. मग डोळ्यासारखी नाजूक रचना पाहून तिचाही कुणी कर्ता असणार, असं का म्हणू नये? हा युक्तिवाद 1802 चा. यावर डेव्हिड ह्यूमचे आक्षेप हमखास लिहिले जातात: जग यंत्रापेक्षा झाडाझुडपासारखं जास्त दिसतं, कर्ता एकच कशावरून, अनेक का नसावेत, आणि हे जग एखाद्या शिकाऊ देवाचा फसलेला पहिला प्रयत्न नसेल कशावरून? बिनतोड आहे सगळं. पण 'ह्यूमने पेलीला उत्तर दिलं' असं लिहिलं की मुलगा फसला. ह्यूम 1776 मध्येच वारला आणि हे आक्षेप असलेलं त्याचं पुस्तक 1779 मध्ये, पेलीच्या तेवीस वर्षं आधी छापलं गेलं. मग खरा प्रश्न असा होतो की आक्षेप आधीच छापून आलेले असताना पेलीनं घड्याळ मांडलंच कसं, आणि ते टिकतं का? चांगला शिक्षक वर्गाला इथवर आणतो. डार्विन त्यानंतर. केंब्रिजमध्ये शिकताना त्यालाही पेली बेहद्द आवडायचा, हे मुलांना आवर्जून सांगावं.

नीतिशास्त्राच्या पेपरात अ‍ॅक्विनासचा निसर्गनियम, कांट, बेंथम-मिलचा उपयुक्ततावाद आणि 'प्रेमापोटी जे घडेल ते योग्य' असं 1966 मध्ये सांगणारा जोसेफ फ्लेचर आहेत. हे सिद्धांत लावून पाहायचे ते इच्छामरणासारख्या प्रश्नांना. मराठी वाचकाला हे कोडं परकं नाही. परळच्या केईएममध्ये वर्षानुवर्षं अचेतन अवस्थेत पडून असलेल्या अरुणा शानभाग यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये निकाल दिला. त्यांचं अन्न थांबवू द्यावं ही विनंती फेटाळली, पण उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला काही अटींवर तत्त्वतः वाट करून दिली. निसर्गनियमवाला म्हणेल, जीव राखणं हे पहिलं कर्तव्य. कांटवाला विचारेल, जिला स्वतःचा निर्णय सांगताच येत नाही तिच्या वतीनं ठरवणार कोण? आणि फ्लेचर इथे खरा अडचणीत येतो. याचिका करणारीला करुणाच वाटत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या शुश्रूषा करून 'आम्ही सांभाळू' म्हणणाऱ्या परिचारिकांनाही. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं असेल तर प्रेमाच्या कसोटीवर निकाल कसा लावायचा? सतरा वर्षांच्या मुलानं चाळीस मिनिटांत लिहायचं ते हे.

इंग्लंडमध्ये हे एका रात्रीत घडलं नाही. 1944 च्या शिक्षण कायद्यानं शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं केलं, ते ख्रिस्ती वळणाचंच होतं. 1967 मध्ये निनिअन स्मार्ट यांनी लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. कुठल्याही धर्माचा प्रचार न करता त्याचा अभ्यास करता येतो, हा विचार तिथून शाळांत झिरपला. 1988 च्या कायद्यानं ख्रिस्ती परंपरेचं प्राधान्य मान्य करूनच इतर प्रमुख धर्मांनाही अभ्यासक्रमात जागा दिली.

सगळंच गोडगोड नाही. गुणांची शर्यत लागली की युक्तिवादाचाही साचा होतो. तीन मुद्दे बाजूनं, तीन विरुद्ध, शेवटी 'माझ्या मते'. विचार करायला शिकवणारा विषय पाठ करून पार पाडता येतो, आणि मुलं ते करतातच. तरीही वर्गात शेजारी बसलेल्या मुस्लिम, कॅथलिक आणि नास्तिक मुलांना एकाच प्रश्नावर एकमेकांचे मुद्दे खोडावे लागतात, ही सवय मला गुणांपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून धर्माचं नाव काढलं की शाळा बिचकतात. पण धर्मांविषयी शिकवणं या बंदीत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच, अरुणा रॉय यांच्या याचिकेवर सांगितलं आहे. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावी-बारावीत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषयही आहेत. तेव्हा पालकहो, कला शाखेचा अर्ज भरताना कॉलेजात एवढं विचाराच: हे विषय तुमच्याकडे शिकवतात का? विचारणारे वाढले, तर तुकड्याही निघतील.