पाण्यात टिकणारी जाळी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचे बरेचसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले. मागांपाठोपाठ सायझिंग आणि डाईंगही वाढली. इथले पुष्कळसे कोरे कापड रंगायला बाहेर जाते, तरी थोडी रंगाई गावातही होते, आणि कामवारी नदी शहरातले सांडपाणी घेऊन खाडीला मिळते. सल्फर रंग पक्का करायला पोटॅशियम डायक्रोमेट वापरायची जुनी रीत होती. काही फिरोजी रंगांच्या तर रेणूतच तांबे असते. नदीचा काळेपणा कुणालाही दिसतो, पण विरघळलेले क्रोमियम दिसत नाही, म्हणून त्यावर ओरडही होत नाही.

असे न दिसणारे क्रोमियम पाण्यातून पकडू शकेल अशा पदार्थाची वाट त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाली. १९८९मध्ये मेलबर्नला रिचर्ड रॉबसन यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचे सेंद्रिय रेणू जोडून आतून पोकळ असा स्फटिक बांधला. पुढे जपानमध्ये सुसुमु कितागावा आणि अमेरिकेत ओमर यागी यांनी ही वाट रुंद केली. यागींचा १९९९चा एमओएफ-५ (एमओएफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची चौकट) गाजला: एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग! पण दमट हवेत तो विस्कटायचा. जे हवेतल्या ओलीला टिकत नाही, त्याचा नदीला काय उपयोग? म्हणून मला खरा टप्पा २००८चा वाटतो. त्या वर्षी ऑस्लोत झिर्कोनियमची चौकट तयार झाली आणि ती पाण्यात शाबूत राहिली.

यानंतरची गोष्ट आपल्या जवळची आहे. पुण्याच्या ‘आयसर’मधील सुजित घोष यांच्या गटाने २०१६मध्ये पाण्यात टिकणारी, धनभारित चौकट मांडली. तिच्या पोकळ्यांतले साधे ऋण आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी डायक्रोमेट येऊन बसते. म्हणजे नेमका रंगाईतलाच पदार्थ. २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉबसन, कितागावा आणि यागी यांना मिळाले, तेव्हा पुण्यातल्या या कामाची आठवण व्हायला हवी होती.

मात्र डाईंगच्या सांडपाण्यात क्रोमियम एकटे नसते. सुती कापडावर रंग चढवायला ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, भरपूर घालतात. सल्फेटवरही क्रोमेटसारखाच दुहेरी ऋणभार असतो आणि घडणही तशीच, त्यामुळे पोकळीतल्या जागेसाठी दोघांची चढाओढ लागते. म्हणून शुद्ध पाण्यातल्या आकड्यांवर मी विसंबणार नाही. चाचणी खऱ्या डाईंगच्या पाण्यावरच व्हावी.

शिवाय अशा चौकटीची महागडी पूड पहिल्याच टाकीत ओतायची नसते. आधी फेरस सल्फेट आणि चुन्याने बहुतेक क्रोमियम गाळात बसवावे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच क्रोमियम चालते. त्या शेवटच्या अंशासाठी ही जाळी राखावी. ती धुतली की पकडलेले क्रोमियम दाट द्रावणात उतरते. त्याची विल्हेवाट एकट्या छोट्या डाईंगवाल्याला झेपणार नाही. ती सामायिक प्रक्रिया केंद्रातच व्हायला हवी.