सिंफनी-श्रवण, ध्वनिमुद्रित

ध्वनिमुद्रिका, नभोवाणी वा तत्सम साधनांद्वारे सिंफनीचे वादन ऐकताना श्रोत्याच्या ठिकाणी उमटणारा प्रतिसाद व त्याची घडण. सिंफनी ही पाश्चात्त्य अभिजात संगीतातील, वाद्यवृंदासाठी लिहिलेली व सामान्यतः चार खंडांची दीर्घ रचना होय. ती सभागृहात बसून ऐकली जावी या अपेक्षेने रचली गेली. तथापि विसाव्या शतकापासून असंख्य श्रोत्यांची तिच्याशी पहिली ओळख ध्वनिमुद्रणातूनच होत आली आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष जाणवते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभा राहिला. दोन्ही मुंबईतलेच. राज्याच्या पूर्व भागातील चंद्रपूर जिल्ह्यातील मूल यासारख्या गावी राहणाऱ्या श्रोत्यापुढे प्रत्यक्ष वादन की मुद्रित वादन, अशी निवड फारशी नसतेच. हा श्रोता संगीताला अनभिज्ञ मात्र नव्हे. मूल ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे दंडार, खडी गंमत आणि धानाच्या हंगामानंतर होणारी, रात्रभर चालणारी गीतप्रधान नाटके यांची परंपरा आहे. आवडलेल्या पदाला ‘वन्समोअर’ देऊन प्रेक्षक तेथे प्रयोगात भाग घेतो. ध्वनिमुद्रिकेपुढे त्याच्या दादेला उत्तर मिळत नाही. पण तबकडी हवी तितक्या वेळा पुन्हा लावता येते, हाही एक प्रकारचा वन्समोअरच.

आरंभीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटांचे संगीत मावे. आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकने बेथोव्हनची पाचवी सिंफनी १९१३ मध्ये मुद्रित केली, तेव्हा तिला आठ बाजू लागल्या. खंड मध्येच तुटे आणि श्रोत्याला उठून तबकडी पालटावी लागे. १९४८ मध्ये दीर्घवादी ध्वनिमुद्रिका आली व ही अडचण बरीचशी दूर झाली.

नभोवाणीवरील सिंफनीसंबंधी जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर आडोर्नो यांनी १९४१ मध्ये कठोर मत मांडले. त्यांच्या मते अशा श्रवणात रचनेची अखंडता नाहीशी होऊन श्रोत्याच्या हाती केवळ ओळखीच्या सुरावटींची अवतरणे उरतात. या मताची उत्तम कसोटी भारतीय चित्रपटसंगीतात सापडते. मोट्सार्टच्या ४० व्या सिंफनीच्या (१७८८) पहिल्या खंडातील आरंभीच्या सुरावटीवरून सलिल चौधरी यांनी छाया (१९६१) या हिंदी चित्रपटातील तलत महमूद व लता मंगेशकर यांच्या युगुलगीताची चाल बांधली. हे गीत आधी कानी पडलेला श्रोता नंतर मूळ सिंफनी ऐकतो, तेव्हा पहिल्याच क्षणी त्याला ओळख पटते. आडोर्नो यांना अभिप्रेत असलेले अवतरण ते हेच. परंतु ज्याला सभागृह उपलब्ध नाही, त्याला आत जाण्यास दार तेवढेच असते, हे त्यांच्या विवेचनात पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

खरी अडचण त्या ओळखीनंतर सुरू होते. रागसंगीतात तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो व प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्याशी असलेल्या नात्याने ठरतो. सिंफनीत आधारस्वरच प्रवास करतो. उपर्युक्त खंडाचा आरंभ जी मायनर या स्वरमंडलात होतो. दुसरी सुरावट बी फ्लॅट मेजरमध्ये येते, म्हणजे जणू षड्ज हलतो आणि नव्या षड्जावर शुद्ध गंधार लागतो. मधल्या भागात पहिल्या सुरावटीचे तुकडे दूरदूरच्या स्वरमंडलांतून फिरतात. रागश्रवणाची सवय असलेल्या कानाला येथे पाया सुटल्यासारखे वाटते आणि ‘नुसता गोंधळ’ हा शेरा बहुधा याच ठिकाणी निघतो. शेवटी दुसरी सुरावट पुन्हा येते ती मात्र जी मायनरमध्ये, कोमल गंधारासह. तीच चाल आता खिन्न भासते. रागाच्या रसाशी परिचित असलेल्या श्रोत्याला हा पालट सहज उमगू शकतो. मात्र त्यासाठी तिचे आधीचे रूप स्मरणात असावे लागते. एका श्रवणात हे क्वचितच साधते. तिसऱ्या-चौथ्या श्रवणात साधते. ध्वनिमुद्रणाचा मोठा लाभ तो हाच. उपज अंगाने गाणाऱ्या कलावंताचा तोच तो आलाप वारंवार ऐकणे काही रसिकांना निर्जीव वाटते. लिखित रचनेला ही हानी कमी पोहोचते. सेर्जू चेलिबिडाके यांच्यासारख्या वाद्यवृंदसंचालकाने मात्र आपले वादन ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध करण्यास दीर्घकाळ विरोध केला.

साधनांची मर्यादाही प्रतिसाद घडविते. चायकॉव्हस्की यांच्या सहाव्या सिंफनीच्या (१८९३) पहिल्या खंडात नाद इतका क्षीण होत जातो, की त्यासाठी मंदत्वाची खूण सहा वेळा लिहिली आहे. लगेच पूर्ण वाद्यवृंदाचा आघात होतो. सभागृहातील शांततेत तो श्रोत्याला दचकवितो. घरी पंख्याच्या आवाजात आधीचा मंद भाग बुडून जातो. तो ऐकू यावा म्हणून नाद वाढवून ठेवल्यास आघात कर्कश होतो. नभोवाणीवर मंद व तीव्र नादांतील अंतर पुष्कळदा यंत्राने कमी केलेले असते. त्यामुळे दोन्ही भाग ऐकू येतात, पण दचकणे मात्र घडत नाही. कानाला लावावयाच्या श्रवणिकांमुळे ही उणीव एकट्या श्रोत्यापुरती बरीच भरून निघते.